रात्री मोटर चालू करायला जाणारा काका नॉक्टर्नल असतो का?

परवा पुतण्याने इंग्रजीच्या वहीत एक वाक्य लिहिलं. दहावीला आहे तो, शब्द दिला की वाक्यात उपयोग करून आणा असा होमवर्क असतो, आणि शब्द आला होता नॉक्टर्नल. याने लिहिलं, माय अंकल इज नॉक्टर्नल. अंकल म्हणजे मी. म्हटलं का रे बाबा, तर म्हणे काका तू रात्रीच तर शेतात जातोस ना पाणी भरायला, या आठवड्यात मोटरीची लाइट रात्रीची आहे. मोबाइलवर शब्द टाकून खात्री पण करून घेतली होती पठ्ठ्याने, तिथे अर्थ आला निशाचर. वहिनी भाकरी थापत होती, तिने तिथूनच विचारलं, "मंग तुना काका राक्षस शे का रे?"

हसलो सगळे, पण नंतर मोटरीच्या खोलीत बसल्या बसल्या माझ्या डोक्यात तेच. वहिनीचं बरोबर आहे, आपल्याकडे निशाचर म्हटलं की कीर्तनात ऐकलेले राक्षसच डोळ्यापुढे येतात, नाहीतर पेपरात रात्रीचे चोर. आणि पुतण्याचं चुकलं आहे पण पूर्ण चुकलं नाही. मी बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं, शिकलो ते बरंचसं केळीच्या घडाबरोबर विकून टाकलं तरी थोडं शिल्लक आहे, तर म्हटलं हा एक शब्द नीट सोडवून टाकू. शहादा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला या शब्दावर बोलायचा जरा जास्तच हक्क आहे, तो का ते पुढे येईल.

आधी उच्चार. नॉक्-टर्-नल, जोर मधल्या टर् वर. काही पोरं नॉक्टुर्नल म्हणतात, ते नाही.

आता हा आला कुठून. लॅटिन भाषेत रात्रीला म्हणायचे नॉक्स, आणि रात्रीचा म्हणायचं झालं की नॉक्टिस. त्यावरून नॉक्टर्नस, मग फ्रेंचच्या मार्गाने इंग्रजीत. पण गंमत अशी की हा शब्द आपल्याला परका नाहीच. संस्कृतात रात्रीला एक जुना शब्द आहे, नक्त. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, नक्त व्रत माहीत असतं, म्हणजे दिवसभर उपाशी राहून रात्री एकदाच जेवायचं. पंचांगातही दिसतो हा शब्द. तर हे नक्त आणि लॅटिनचं नॉक्ट, दोन्ही एकाच फार जुन्या मुळाची पोरं आहेत, इंग्रजीतलं नाइट आणि जर्मनमधलं नाख्ट हीसुद्धा त्याच खानदानातली. म्हणजे नॉक्टर्नल हा आपला लांबचा चुलतभाऊ निघाला, आणि संस्कृतात नक्तंचर असा अगदी त्याच अर्थाचा शब्द पडून आहे, वापरत कोणी नाही हा भाग वेगळा. इक्विनॉक्स ऐकलं असेल भूगोलात, मार्च आणि सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र सारखे होतात तो दिवस, त्यात पण शेवटी हेच नॉक्स बसलेलं आहे, इक्वि म्हणजे समान, समान रात्र.

उलटा शब्द डायअर्नल, म्हणजे दिवसाचा, दिनचर. हा आला दिवस या अर्थाच्या लॅटिन डिएस वरून. आणि जर्नल, म्हणजे आपण सायन्स जर्नल म्हणतो किंवा पोरं प्रॅक्टिकलचं जर्नल लिहितात ना रात्रभर जागून, ते जर्नल पण याच डायअर्नल घराण्यातलं, मूळ अर्थ रोजची नोंद. सबमिशनच्या आदल्या रात्री लिहितात म्हणून ते काही नॉक्टर्नल होत नाही.

आणि इथेच खरा मुद्दा येतो. रात्री एखादं काम केलं म्हणून ते करणारा जीव नॉक्टर्नल होत नाही. नॉक्टर्नल जीव म्हणजे जो मुळात रात्रीचाच आहे, ज्याचं शरीर, स्वभाव, घड्याळ रात्रीला जोडलेलं आहे तो. मी रात्री शेतात जातो कारण थ्री फेजची लाइट बाराला येते. दिवसा आली तर मी दिवसा जाईन, आनंदाने जाईन. रात्री जाताना मला टॉर्च लागतो, काठी लागते, गळ्यात मफलर लागतो, आणि सकाळी डोळे तांबडे होतात. घुबडाला यातलं काही लागत नाही. म्हणून घुबड नॉक्टर्नल आणि मी नुसता जागा. भुसावळला जंक्शनवर रात्रपाळी करणारे रेल्वेचे लोक असतात, त्यांनाही नॉक्टर्नल म्हणत नाहीत, त्यांच्या कामाला नाइट शिफ्टच म्हणायचं. गमतीत एखाद्याला म्हणतात, की हा बुवा नॉक्टर्नल आहे, याला रात्री अकरानंतरच सुचतं, तेवढं चालतं, पण परीक्षेच्या पेपरात गंमत करू नये.

मग बरोबर कुठे बसतो शब्द, तर प्राण्यांच्या बाबतीत सगळ्यात आधी. आपल्याच शेतातली उदाहरणं घ्या. केळीचं कमळ लोंबायला लागलं की त्याचा एकेक पदर उघडतो आणि आतल्या मधासाठी अंधार पडल्यावर वटवाघळं येतात, मी कितीदा टॉर्च मारून बघितलं आहे. आपल्या लावलेल्या केळीला परागीभवन लागत नाही, फळ बिनबियांचंच धरतं, पण जंगली केळीचं बरंचसं काम ही वटवाघळंच करतात. तर वटवाघूळ नॉक्टर्नल. उंदीर, घूस नॉक्टर्नल. रातवा नावाचा पक्षी आहे, रस्त्यावर बसलेला असतो, मोटरसायकलच्या उजेडात डोळे निखाऱ्यासारखे चमकतात आणि एकदम उडतो, त्याच्या तर नावातच रात आहे.

डोळे का चमकतात? रातव्याच्या, मांजराच्या, बिबट्याच्या डोळ्यात पडद्याच्या मागे एक आरशासारखा थर असतो. उजेड एकदा पडद्यातून गेला की हा थर त्याला परत मागे फेकतो, म्हणजे त्याच उजेडाचा दुसऱ्यांदा उपयोग. आपल्या डोळ्यात तो थर नाही. शिवाय डोळ्याच्या पडद्यात दोन प्रकारच्या पेशी असतात, एक रंग ओळखणाऱ्या आणि एक मंद उजेडात चालणाऱ्या, रात्रीच्या प्राण्यांत दुसऱ्या फार जास्त. घुबडाचं तर अजून पुढचं काम, गव्हाणी घुबडाचे दोन कान डोक्यावर एका पातळीत नसतात, एक जरा वर एक जरा खाली, त्यामुळे आवाज दोन्ही कानांत किंचित फरकाने पोचतो आणि गवताखाली उंदीर नक्की कुठे खुसफुसला ते त्याला न बघता कळतं. पंखाच्या कडा मऊ झालरीसारख्या, म्हणून उडताना आवाज नाही. ह्याला म्हणायचं नॉक्टर्नल, नखापासून पिसापर्यंत.

बिबट्याचं जरा वेगळं आहे. उसात, केळीत बिबट्या आला की लोक म्हणतात तो रात्रीचाच जनावर आहे. आहेच, पण माणसामुळे तो अजून रात्रीकडे सरकतो. २०१८ साली सायन्स या जर्नलमध्ये एक संशोधन आलं होतं, त्यांनी ६२ प्रकारच्या सस्तन प्राण्यांवर जगभरात झालेले ७६ अभ्यास एकत्र तपासले आणि दिसलं असं की जिथे माणसाचा वावर जास्त तिथे प्राण्यांचं रात्री फिरणं वाढतं. म्हणजे जनावरं आपल्याला टाळायला रात्रीची ड्युटी घेतात, आणि आपण लाइटमुळे रात्रीची ड्युटी घेतो, आणि मग बांधावर दोघांची गाठ पडते. यात दोष कोणाचा ते तुम्हीच ठरवा.

सापांचं मात्र नीट ऐका, कारण इथे शब्दाचा अर्थ माहीत असणं कामाचं आहे. मण्यार पक्की नॉक्टर्नल. पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते, दुखत फारसं नाही, खूण कधी कधी दिसतही नाही, माणूस पहाटे पोट दुखतं, घसा आवळला, पापण्या जड झाल्या म्हणून उठतो आणि घरचे म्हणतात अॅसिडिटी असेल. तसं झालं तर सोडा-लिंबू करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. घोणस पण जास्त करून रात्रीचीच. बारे द्यायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जाताना बूट आणि टॉर्च विसरायचा नाही, हे मी स्वतःलाच सांगतो आहे कारण मागच्या आठवड्यात चप्पल घालूनच गेलो होतो.

डासांचं पण असंच. मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावणारा, म्हणजे नॉक्टर्नल. पण डेंग्यूचा डास दिवसा चावतो, सकाळी आणि दुपार कलल्यावर जास्त. रात्री मच्छरदाणी लावली म्हणून डेंग्यू होणार नाही असं समजणारे आमच्या गल्लीत खूप आहेत.

सगळेच प्राणी असे इकडे नाहीतर तिकडे नसतात हं. काही ना धड दिवसाचे ना धड रात्रीचे, झुंजूमुंजू झालं आणि तिन्हीसांजेला बाहेर पडणारे, ससा हे चांगलं उदाहरण. त्यांना क्रेपस्क्युलर म्हणतात. शब्द तोंडात बसत नाही लवकर, मी पोरांना सांगतो वासुदेव आठवा, पिंगळा जोशी आठवा, कंदील घेऊन दिवस उगवायच्या आत दारात येऊन भविष्य सांगून जाणारा, तो क्रेपस्क्युलर.

आता पिंगळ्यावरून आपल्या हक्काच्या गोष्टीवर येतो. घुबडाला आपल्या भाषेत दिवाभीत म्हणतात, म्हणजे दिवसाला भिणारं. घुबडाला दिवसा दिसत नाही असाही समज आहे, जो चुकीचा आहे, दिसतं त्याला. पण आमच्या सातपुड्यात एक घुबड असं आहे की त्याने नॉक्टर्नल हा शब्दच पालथा घातला आहे, रानपिंगळा. १८७३ मध्ये ह्यूम नावाच्या इंग्रज माणसाने त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं, हो तोच अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम, काँग्रेसच्या स्थापनेतला. पुढे डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने १८८० च्या आसपास आपल्या खानदेशात काही नमुने गोळा केले, आणि १८८४ नंतर हा पक्षी जो गायब झाला तो झालाच. मधे मायनर्ट्झहॅगन नावाच्या ब्रिटिश कर्नलने दावा केला की आपण १९१४ मध्ये गुजरातेत एक मिळवला, पण नंतर उघड झालं की त्याने म्युझियममधला जुना नमुना चोरून त्यावर स्वतःची चिठ्ठी लावली होती. त्या खोट्या पत्त्यामुळे शोधणारे लोक भलतीकडे फिरत राहिले. शेवटी पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट हे तिघं पक्षी अभ्यासक ती खोटी नोंद बाजूला ठेवून खऱ्या नोंदींच्या जागी आले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आमच्या शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी. आणि दिसला कधी, तर दिवसा, उजेडात, उघड्या झाडावर बसलेला! कारण हा गडी दिवसाच शिकार करतो, सरडे, उंदरं, किडे. म्हणजे घुबड असून डायअर्नल. यावलच्या अभयारण्यातही आहे तो. आजही धोक्यातल्या यादीत आहे, जंगल कापलं की त्याची ढोली गेली.

म्हणून मी पोरांना सांगतो, पेपरात आलं की ऑल आऊल्स आर नॉक्टर्नल, बरोबर की चूक, तर बिनधास्त चूक लिहा आणि कारणात शहादा लिहा.

झाडांनाही हा शब्द लागतो. रातराणीचं शास्त्रीय नावच सेस्ट्रम नॉक्टर्नम आहे. संध्याकाळनंतर फुलायचं आणि वास सोडायचा, कारण तिचं गिऱ्हाईक म्हणजे रात्रीचे पतंग. पारिजातकाच्या शास्त्रीय नावात लॅटिनऐवजी ग्रीकची रात्र आहे, निक्टॅन्थिस, रात्रीचं फूल, संध्याकाळी उमलतं आणि पहाटे अंगणात सडा. रात्रीची फुलं बरीचशी पांढरी आणि वासाची का असतात ते यावरून कळतं, अंधारात लाल-पिवळा रंग दाखवून कोणाला बोलवणार?

दवाखान्यात हा शब्द भेटला तर घाबरू नका, तिथे त्याचा अर्थ नुसता रात्री होणारं एवढाच. फाइलीवर नॉक्टर्नल कफ लिहिलं असेल तर तो रात्री उसळणारा खोकला, दम्यात असं होतं. नॉक्टर्नल एन्युरेसिस म्हणजे लहान मूल झोपेत अंथरूण ओलं करतं ते. एका ओळखीच्या बाईंनी ते नाव वाचून पोराला काय मोठं लागलं म्हणून रडून घेतलं होतं. नॉक्ट्युरिया वेगळं, त्यात माणूस लघवीसाठी रात्री पुन्हा पुन्हा उठतो. आणि शुगरवाल्यांसाठी नॉक्टर्नल हायपोग्लायसेमिया, झोपेत साखर उतरणं, घाम फुटून जाग येते, हे मात्र डॉक्टरांना सांगायलाच हवं.

हवामानवाले पण वापरतात. आकाश निरभ्र असलं की जमीन दिवसभराची ऊब रात्री वर सोडून देते, त्याला नॉक्टर्नल कूलिंग म्हणतात. डिसेंबर-जानेवारीत केळीला जो थंडीचा फटका बसतो तो यातूनच, ढग असले की कमी बसतो. म्हणून तर बांधावर शेकोट्या करून धूर करायचा आणि रात्री पाणी द्यायचं असं सांगतात, विहिरीचं पाणी तेव्हा हवेपेक्षा कोमट असतं. तेवढ्या एका महिन्यात रात्रीची लाइट मला गोड लागते, खोटं कशाला बोलू.

आणि नॉक्टर्नल हे एका यंत्राचं नाव पण आहे, हे कमी लोकांना माहीत असेल. घड्याळं नव्हती तेव्हा खलाशी एक तबकडी वापरायचे, मधल्या भोकातून ध्रुव तारा धरायचा, दांडी सप्तर्षींच्या ताऱ्यांना लावायची आणि रात्रीचे किती वाजले ते वाचायचं. आमचे आजोबा हेच काम तबकडीशिवाय करायचे, तिकांडं, म्हणजे मृगातले ओळीतले तीन तारे, कुठे आलं बघून सांगायचे की आता बैल सोडायला हवेत. संगीतात नॉक्टर्न म्हणजे रात्रीच्या मूडची पियानोवरची रचना, शोपँने २१ केल्या, आपल्याकडे मालकंस-दरबारी रात्री गातात तशी काहीशी कल्पना समजा, जरी नियम तसा नाही.

वापरताना पोरं जिथे घसरतात ती जागा म्हणजे नाइटली आणि नॉक्टर्नल. नाइटली म्हणजे रोज रात्री. भुसावळहून एखादी गाडी रोज रात्री सुटत असेल तर ती नाइटली ट्रेन, नॉक्टर्नल ट्रेन म्हटलं तर वाटेल तिला डोळे आहेत आणि ती उंदीर खाते. ओव्हरनाइट म्हणजे एका रात्रीत किंवा रात्रभर, हरभरे ओव्हरनाइट भिजवायचे. लेट-नाइट म्हणजे उशिराचं. थंडीत शेतात भरीत पार्टी होते, काट्यांवर वांगी भाजली, कळण्याची भाकरी, मिरचीचा झणका, बारा वाजेपर्यंत गप्पा, ती लेट-नाइट पार्टी. नॉक्टर्नल पार्टी लिहिलं तर व्याकरण चुकणार नाही पण वाचणारा हसेल. नॉक्टर्नलबरोबर शोभतात ते शब्द म्हणजे अॅनिमल, बर्ड, हॅबिट्स, इन्सेक्ट, फार तर व्हिजिट, तीही लेखक लोक वापरतात, चोर किंवा मांजर घरात येऊन गेलं की.

एक प्रश्न उरतो, की सवयीने माणूस नॉक्टर्नल होऊ शकतो का. इतकी वर्षं रात्री पाणी भरणाऱ्यांना आता सवय झाली असेल असं शहरातले नातेवाईक म्हणतात. शरीराचं ऐकलं तर नाही होत. मेंदूत डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर पेशींचा एक छोटा पुंजका असतो, तो उजेड-अंधार बघून सगळ्या शरीराचं घड्याळ लावतो. अंधार पडला की मेलाटोनिन वाढतं, झोप येते. हे घड्याळ पेशीच्या आत कसं चालतं ते शोधल्याबद्दल हॉल, रोसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. रात्री कितीही जागा, सकाळी ऊन अंगावर पडलं की ते घड्याळ पुन्हा दिवसावर येतं. आमचं तर आठवड्याला वेळापत्रक बदलतं, म्हणजे लागतंय न लागतंय तोवर परत मोडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि परत २०१९ मध्ये रात्रपाळीचं काम बहुधा कॅन्सरचा धोका वाढवणारं या गटात टाकलं आहे. कारखान्याच्या रात्रपाळीला निदान भत्ता मिळतो.

हे सगळं पुतण्याला सांगितलं, म्हणजे थोडंफार, दहावीच्या पोराला इतकं ऐकायला वेळ कुठे. रानपिंगळा तेवढा त्याला आवडला. मग त्याने पहिलं वाक्य खोडलं, पेन तोंडात धरून जरा वेळ बसला, आणि खाली नवीन लिहिलं, माय अंकल इज डायअर्नल, बट अवर इलेक्ट्रिसिटी इज नॉक्टर्नल.

व्याकरण तपासलं, बरोबर आहे. टीचर काय मार्क देतात ते उद्या कळेल. आता पावणेबारा झालेत, बूट शोधतो.